मक्त्यानं घेतलेली दोन वर्षं

आमच्याकडे कोणाची पीएच.डी. झाली की चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध नव्या डॉक्टरचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, वरच्या रांगेत त्याच्याहून ठळक पाच-सहा पुढारी, खाली 'शुभेच्छुक : समस्त गावकरी मंडळी'. परतीचा पाऊस आला की तोच फ्लेक्स कोणाच्या तरी सोयाबीनच्या गंजीवर पसरलेला दिसतो. यात राग धरण्यासारखं काही नाही, गंजी भिजली तर वर्ष बुडतं. तोवर त्या डॉक्टरचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा तो तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असतो, थकलेल्या मानधनाची वाट पाहत असतो, आणि अनुदानित कॉलेजातल्या कायम जागेचा 'रेट' चहाच्या टपरीवर ऐकून गप्प बसत असतो.

अशा डॉक्टरांचे मला फोन येतात. मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते आणि त्याआधी युरोपात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन, करून आले, एवढं भांडवल त्यांना पुरतं. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो : "म्याडम, पोस्टडॉकची जाहिरात कवा निघते?"

प्रश्न सरळ आहे. बारावीपासून नेट-सेटपर्यंत आपण असेच वाढलो. जाहिरात निघते, फॉर्म सुटतो, चलन भरायचं, हॉलतिकीट येतं, यादी लागते, नाव नसलं तर पुढची जाहिरात. पोस्टडॉकच्या वाटेवर या साखळीतली एकही कडी धड सापडत नाही. कुठे जाहिरात असते, कुठे नसतेच. कुठे अर्ज तुम्ही करायचा, कुठे तुमच्या वतीनं दुसऱ्यानं. परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही. आहे ती एकच मागणी, आणि तिच्यापाशी आमची चांगली चांगली पोरं अडतात.

ती मागणी काय ते सांगण्याआधी आमच्या मोठ्या बाबांचा हिशेब सांगते, कारण पोस्टडॉकची इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कोणाकडून ऐकली नाही. मी निघायच्या आधी ते ओसरीवर बसून सुपारी कातरत होते.

"पगार देतात काय वं?"

"देतात."

"मंग नौकरी पक्की हाय?"

"नाही मोठे बाबा, दोन वर्षांची."

"दोन वर्साची." अडकित्ता थांबला. "मक्त्याचं वावर हाय मंग ते. मक्त्याच्या वावरात शेणखत कोन टाकते? मालकबी टाकत नाही आन मक्त्यानं घेनाराबी टाकत नाही."

अगदी असंच असतं. संस्था पोस्टडॉकवर लांबचा खर्च करत नाही, कारण तो जाणार आहे. आणि पोस्टडॉकही तिथल्या मातीत काही मुरवत नाही, त्याला दोन हंगामांत निघतील तेवढे शोधनिबंध काढायचे असतात. जगभरच्या प्रयोगशाळा अशा दोन-दोन वर्षांच्या माणसांवर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शेवटी विद्यापीठात कायम जागा मिळत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. एक गोष्ट मात्र मोठ्या बाबांच्या हिशेबात नव्हती. या वावरात काय पेरायचं, ते घेणाऱ्यानं स्वतः ठरवून लेखी द्यायचं असतं.

निदान चांगल्या प्रकारात तरी. कारण पोस्टडॉकचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात पैसा प्राध्यापकाच्या प्रकल्पाचा. त्याला काम करायला हात हवेत, विषय ठरलेला, जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर. अमेरिकेत बहुतांश असंच चालतं. आपल्याकडे आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर, पुण्याची एनसीएल आणि आयुका, नागपूरची नीरी, अशा ठिकाणी प्रकल्पातल्या किंवा संस्थेच्या पैशातून नेमणुका होतात. प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटचे दर केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये वाढवले : तीन पायऱ्यांना महिना ५८, ६१ आणि ६७ हजार, वर घरभाडं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला हे आकडे दोनदा वाचावेसे वाटतात, आणि का ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या प्रकारात पैसा तुमच्या नावानं येतो. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप, जर्मनीची हुम्बोल्ट, जपानची जेएसपीएस, ब्रिटनच्या रॉयल सोसायटीची न्यूटन इंटरनॅशनल, आपल्याकडची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. ही शेवटची आधी केंद्राची एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, द्यायची. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि एसईआरबी त्यात विलीन झाली, म्हणून जुन्या नावानं शोधणाऱ्यांना ती सापडत नाही. या सगळ्यांत यजमान प्राध्यापक लागतोच. पण त्याला विचारायचं असतं, 'मी हा अर्ज करतोय, तुम्ही यजमान व्हाल का?' 'मला नोकरी द्या' या वाक्यापेक्षा हे वाक्य त्यालाही सोपं जातं, कारण त्याच्या खिशाला तोशीस नाही.

आता घड्याळ. याबद्दल मी फोनवर सगळ्यात जास्त बोलते.

आमच्याकडचं पोरगं बीएस्सी तालुक्याला करतं, एमएस्सी अमरावतीला किंवा नागपूरला. मग घरची ओढाताण, एखादं बी.एड., नेट-सेटच्या खेपा, दोन-चार वर्षं तासिका. पीएच.डी.ची नोंदणी होते तेव्हा सत्ताविशी उलटलेली असते. मुलगी असेल तर मधे लग्न, बाळंतपण. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची फेलोशिप मिळाली तर काम सलग होतं, नाहीतर शिकवता शिकवता. प्रबंध जमा होतो तेव्हा वय बत्तीस-तेहतीस. आता केंद्राची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप घ्या : पाच वर्षं, महिना सव्वा लाख, संशोधनाला वर्षाला सात लाख. खुल्या प्रवर्गासाठी तिची वयोमर्यादा ३२ आहे. म्हणजे आमच्या पोराचा ओपन व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, व्हायच्या आतच ते दार बंद. एसईआरबीच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला मर्यादा ३५ होती आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग यांना पाच वर्षांची सूट. तिथे दार थोडं तरी किलकिलं राहायचं.

गंमत अशी की ज्या योजना लांबच्या आणि म्हणून अवघड वाटतात, त्यांच्यातल्या काही जन्मतारीख विचारतच नाहीत. त्या पीएच.डी.पासून मोजतात. मारी क्युरी पीएच.डी.नंतरचा आठ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव चालवते आणि त्यातून बाळंतपणासारखे खंड वजा करून देते. जेएसपीएस पीएच.डी.पासून सहा वर्षं देते. हुम्बोल्टच्या पोस्टडॉक फेलोशिपला चार. छत्तिसाव्या वर्षी पीएच.डी. झालेला खुल्या प्रवर्गातला माणूस आपल्याकडच्या या दोन्ही याद्यांतून वयानं बाद होतो, आणि ब्रुसेल्समधल्या युरोपीय संघाच्या दृष्टीनं तो कालच पदवीधर झालेला तरुण संशोधक असतो. उशीर झाला म्हणून जे खचून बसतात त्यांना मी हे आवर्जून सांगते, आणि पलीकडून काही क्षण आवाज येत नाही.

इथे तारखेचं एक बारीक काम आहे. आपल्या विद्यापीठांत व्हायवा एका दिवशी, नोटिफिकेशन त्यानंतर, आणि पदवीचा कागद दीक्षान्त समारंभात, म्हणजे कधी तरी. पोरं त्या शेवटच्या कागदासाठी थांबतात आणि एक अख्खी फेरी हातची जाते. मारी क्युरीला अंतिम तारखेपर्यंत प्रबंध यशस्वीपणे मांडून झालेला असणं पुरतं, भेंडोळी नंतर आली तरी चालते. शिवाय तिथे एक अट उलट्या बाजूची आहे. ज्या देशात जायचं त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. आमच्या पोरांनी तो देश नकाशातच पाहिलेला असतो, त्यामुळे ही अट बिनबोभाट पूर्ण.

आणि आता ती मागणी. मारी क्युरीचा मुख्य प्रस्ताव दहा पानांचा. वैज्ञानिक गुणवत्तेला ५० टक्के वजन, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. इतर ठिकाणी पानं कमी-जास्त, गाभा तोच : तुम्हाला काय शोधायचं आहे? तुमच्या मार्गदर्शकाला नव्हे, विद्यापीठाला नव्हे, तुम्हाला. एम.ए., एमएस्सी, पीएच.डी. एवढं शिकलेल्या माणसाला हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं जातं. त्याला याआधी जे जे प्रश्न आले त्यांची उत्तरं कुठे तरी छापलेली होती.

आमच्या भागातल्या विज्ञानाच्या अर्ध्या प्रबंधांची नावं 'सिंथेसिस अँड कॅरेक्टरायझेशन ऑफ' (म्हणजे अमुक पदार्थ बनवणं आणि तपासणं) या शब्दांनी सुरू होतात. माझंही त्यातलंच. याला कारण आहे. रसायनं स्वस्त, भट्टी कॉलेजात असते, नमुना कुरियरनं कोचीला किंवा आयआयटी मुंबईला पाठवला की पदार्थाची स्फटिकरचना दाखवणारा एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (एक्सआरडी) आलेख परत येतो, आणि आलेखाबरहुकूम तीन निबंध होतात. साधनं जिथे अशी, तिथे विषयही तसेच निघणार, त्यात मार्गदर्शकांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण अशा कामातून उठून कोणी 'माझा प्रश्न अमुक' असं लिहायला बसलं की पहिलं पान कोरं राहतं. मग ते भरायला 'नॅनो', 'ग्रीन', 'नॉव्हेल' असे शब्द धावून येतात. परीक्षक रोज शंभर प्रस्तावांत हेच वाचतो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच की प्रश्न गावात असतो. सगळ्यांचा नाही, नेहमी नाही. सैद्धांतिक भौतिकी करणाऱ्याला गावच्या वेशीतून न्यूट्रिनो सापडणार नाही. पण पदार्थविज्ञान, रसायन, पाणी, माती, यंत्रं यांत काम करणाऱ्याच्या दारात तो पडलेला असतो.

माझं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वर काळी, खोल, कोणालाही हेवा वाटावा अशी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते पिववत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन जाते. पाण्यातला सोडियम मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हुसकून त्याच्या जागी बसतो. मग माती ओली असताना फुगून विस्कटते आणि वाळली की दगड होते. त्यामुळे पायाखाली पाणी असून शेती कोरडवाहू. उन्हाळ्यात हातपंपाच्या ओट्यावर पांढरी खपली धरायची, ती नखानं खरवडून जिभेला लावणं हा आमचा लहानपणचा खेळ. पुढे वान धरणाचं पाणी नळानं आलं, दिवसाआड नाही तर आठवड्याआड का होईना. मग आरओ आलं. पत्र्याची खोली, पाच रुपयांचं नाणं, वीस लिटरची कॅन. त्या खोलीच्या मागच्या भिंतीतून एक निळा पाइप बाहेर निघायचा आणि यंत्र चालू असेतो त्यातून पाणी नालीत पडायचं. आरओचा पडदा गोडं पाणी पलीकडे काढतो तेव्हा मीठ अलीकडच्या पाण्यात गोळा होतं, त्यामुळे हे टाकलेलं पाणी विहिरीच्या पाण्याहून जास्त खारं. नाली जाऊन मुरायची ती गावच्या जुन्या विहिरीमागच्या खड्ड्यात.

त्या निळ्या पाइपाचं पाणी हा माझा प्रस्ताव झाला. खाऱ्या पाण्यातून मीठ काढायची एक वेगळी रीत आहे, कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन म्हणतात तिला. सच्छिद्र कार्बनचे दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे, मधून पाणी सोडायचं, आणि पत्र्यांना साधारण १.२ व्होल्टचा दाब द्यायचा. सोडियम ऋण पत्र्याकडे जातो, क्लोराइड धन पत्र्याकडे, आणि दोघेही कार्बनच्या बारीक भोकांच्या भिंतींना चिकटून बसतात. दाब काढला की मीठ सुटतं, ते थोड्या पाण्यात वेगळं काढता येतं. १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचंच हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये विघटन सुरू होऊ शकतं, म्हणून हात आखडता. समुद्राच्या पाण्याला ही रीत परवडत नाही, तिथे आरओच बरं. पण मचूळ पाण्यात मीठ थोडं असतं, आणि इथे आपण अख्खं पाणी पडद्यातून दाबण्याऐवजी फक्त ते थोडं मीठ ओढून काढतो. टाकायचं पाणीही कमी ठेवता येतं.

कार्बन कुठून आणायचा? ज्या गावात हे खारं पाणी त्याच गावात कपाशीच्या फरदडीनंतर पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात. काही चुलीत जातात, बाकी वावरातच पेटवतात. पऱ्हाटीचे बोटभर तुकडे करून बंद नळीत तापवले की काळा ठिसूळ कोळसा होतो. तो खलबत्त्यात कुटायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर कालवून नायट्रोजनच्या प्रवाहात ७०० ते ८०० अंशांना पुन्हा तापवायचा. हायड्रॉक्साइड कोळशाला आतून कुरतडतो आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग तयार होऊ शकतो. नंतरचं काम कंटाळवाणं : धुवायचं, गाळायचं, लिटमस लावायचा, पुन्हा धुवायचं. भट्टी सहाशे अंशांवर असताना लाईन गेली की नमुना वाया. काळं नखांत बसतं आणि रात्रीच्या भाकरीपर्यंत निघत नाही.

पऱ्हाटीचा कोळसा करणारी मी पहिली नव्हे, त्यावर आधीच बरेच निबंध आहेत. पण कोळसा कशासाठी, कोणत्या पाण्यासाठी, ते पाणी टाकल्यावर कुठे मुरणार, एवढं सांगणारा प्रस्ताव वेगळा वाचला जातो. तिकडे गेल्यावर दर सोमवारच्या बैठकीत यजमान प्राध्यापक माझ्याकडे वळून विचारायचे की यात काय चुकतंय असं तुला वाटतं. सुरुवातीला मी सवयीनं "सगळं बरोबर आहे सर" म्हणायची. ते वाट पाहत बसायचे.

आमच्या भागातल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरची गोष्ट याच जातीची. तो सुट्ट्यांत जिनिंगवर कामाला जायचा. आपल्याकडच्या डबल रोलर जिनमध्ये रुळांवर क्रोमियमनं कमावलेल्या चामड्याच्या चकत्या असतात. सरकीपासून रुई ओढताना त्या झिजतात आणि त्यांची भुकटी रुईत आणि हवेत जाते, क्रोमियमसकट. क्रोमविरहित रुळांवर नागपुरात काम झालेलं आहे. त्याची पीएच.डी. संगणकावरच्या कसल्याशा प्रतिमानांची होती, पण बोलायला लागला की गडी जिनिंगवरच यायचा : रूळ कुठे झिजतो, आवाज कसा बदलतो, फिटर तो हातानं कसा ओळखतो. मी म्हटलं, "हेच लिही." घर्षण आणि झीज यांचं शास्त्र जपानमध्ये जोरात आहे. जेएसपीएसच्या नेहमीच्या वाटेनं अर्ज उमेदवार करत नाही, जपानमधला यजमान आपल्या संस्थेमार्फत करतो. मिळाली तर बारा ते चोवीस महिने, महिना ३,६२,००० येन. म्हणजे सगळा भार यजमानाला धाडलेल्या पहिल्या ई-मेलवर. त्यानं त्यात झिजलेल्या चकतीचा फोनवर काढलेला फोटो जोडला. उत्तर आलं. आता तिकडे मुलीला शाळेत सोडून प्रयोगशाळेत जातो.

बुलढाणा जिल्ह्यातल्यांना तर लोणार आहे. बेसाल्ट खडकात उल्कापातानं झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, आणि चंद्र-मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा, म्हणून जगभरचे लोक १९७० च्या दशकापासून लोणारचे दगड अभ्यासताहेत. विवराच्या वयावरसुद्धा एकमत नाही : एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. एवढा मोठा घोळ मेहकरच्या पोरानं पिकनिकला पाहून यावा, हे मला पटत नाही.

ई-मेलबद्दल थोडं. मला पाठवले जाणारे मसुदे 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' नं सुरू होतात, मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे असं सांगतात, आणि एकाच वेळी साठ-सत्तर प्राध्यापकांना जातात. ते कोणी वाचत नाही. वाचलं जातं ते पाच-सहा ओळींचं. तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातल्या अमुक आलेखात मला हे कळलं नाही. मी हातानं हे हे करू शकतो. मला हे करून पाहायचं आहे, अमुक फेलोशिपसाठी यजमान व्हाल का? आणि 'हातानं' म्हणजे खरंच हातानं. नमुना कोचीला पाठवलेला असताना सीव्हीत 'एक्सआरडी, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) हाताळता येतं' असं लिहू नये, मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. त्यापेक्षा मोडकी भट्टी स्वतः दुरुस्त केली असेल तर ते लिहावं. तिकडच्या लोकांना अशा माणसाची किंमत जास्त असते, हे मी पाहिलं आहे.

नकार येतात, भरपूर येतात. मारी क्युरीच्या २०२५ च्या फेरीत सतरा हजारांवर अर्ज आले. नकाराबरोबर गुण आणि परीक्षकांची मतं लेखी मिळतात, ती नीट वाचावीत. ठरावीक मर्यादेच्या खाली गुण पडले तर त्याच संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, म्हणून 'पाहू टाकून' अशा घाईनं टाकू नये. हुम्बोल्टला वर्षभर कधीही अर्ज चालतो, ज्यांचा सप्टेंबर शेतीत जातो त्यांना ते सोयीचं.

परत येणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मला फार उत्साहानं बोलता येत नाही. बाहेरून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, पाच वर्षांची, चाळिशीच्या आतल्यांना. महिलांचं काम मधे तुटलं असेल तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरणखाली योजना आहेत. पण या साऱ्या पुन्हा मुदतीच्या. माझ्याबरोबरचे काही जण पुण्यात कंपन्यांच्या संशोधन विभागात गेले, काही तिकडेच राहिले, एक जण परत तासिका तत्त्वावर आहे आणि त्याच्याइतकं चांगलं इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकवणारा मला माहीत नाही. त्याला ती दोन वर्षं फुकट गेली असं वाटतं का, हे मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "फुकट कायची? पण तवा कोनी सांगतलं असतं का वापस आल्यावर काय हाय, तर तयारी करून आलो असतो." म्हणून मी आता फोनवर हेही सांगते.

सध्या एका मुलीचा प्रस्ताव माझ्याकडे आहे. संग्रामपूरकडची, वडील कोरडवाहू शेतकरी, प्रबंध मांडून झालेला, सप्टेंबरची तारीख गाठायची आहे. विषय खाऱ्या पाण्याचाच, पण माझ्यापेक्षा पुढचा : कार्बनच्या पत्र्यांवर कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आधी जागा अडवतात, त्याचं काय करायचं. पहिल्या मसुद्यात गावाचं, पट्ट्याचं, पूर्णेचं नाव होतं. दुसऱ्यात ते गेलं आणि 'अॅरिड रीजन्स ऑफ डेव्हलपिंग कंट्रीज' असं काहीतरी आलं. मी विचारलं, काढलं का?

"म्याडम, परीक्षकाले संग्रामपूर कुठं माहीत असते? हसन तो."

"त्याला माहीत नसेल म्हणूनच सांगायचं. अक्षांश-रेखांश दे. विहिरींतल्या विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, टीडीएस, दे. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही चांगल्या पाण्याची मर्यादा, दुसरा पर्यायच नसेल तर २०००. तुझ्या विहिरी किती?"

तिनं अंदाज सांगितला. अंदाज चालत नाही म्हटलं. कॉलेजातला टीडीएस मीटर रजिस्टरवर सही घेऊन तिला दिला, सोबत धुतलेल्या बाटल्या दिल्या, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं मोजायला सांगितलं. शनिवारी तिचा भाऊ मोटारसायकलवर तिला विहिरीविहिरीनं फिरवत होता. रात्री तिनं आकड्यांचा तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं, दोन विहिरी आटल्यात, त्या वगळू का? मी कळवलं, वगळू नको, आटल्या असं लिही, आणि आरओच्या पाइपाचं पाणी राहिलं आहे, ते उद्या सकाळी यंत्र सुरू झाल्यावर घे.